किल्लारीचा भूकंप आणि आपल्याला पटलेली कारणं



किल्लारीचा भूकंप कशानं झाला, असं बचत गटाच्या बैठकीत विचारलं की आम्हाला तीन उत्तरं हमखास मिळतात. कुणी म्हणतं, लष्करानं जमिनीखाली बॉम्ब फोडून बघितला आणि सरकारनं प्रकरण दाबलं. कुणी म्हणतं, खाली ज्वालामुखी आहे, शास्त्रज्ञांना ठाऊक आहे, पण लोक पळतील म्हणून सांगत नाहीत. साठीच्या पुढच्या बाया मात्र ठामपणे सांगतात, माकणीच्या धरणानं केलं. तीस वर्षं उलटली तरी या गोष्टी टिकून आहेत. त्या लोकांना का पटल्या, हे आज बघू.

तो दिवस ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. औसा तालुक्यातलं किल्लारी, शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातलं सास्तूर आणि भोवतालची गावं भुईसपाट झाली. सुमारे ८ हजार माणसं गेली. काही नोंदींत हा आकडा १० हजारांच्या जवळ आहे. धक्का सव्वासहा रिश्टरच्या आसपासचा होता. पण जीव घेतला तो मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींनी आणि वरच्या माळवदानं. उन्हाळ्यात गारवा देणारं घरच अंगावर आलं.

आणि हे एकाएकी झालं नव्हतं. आदल्या वर्षी, १९९२च्या पावसाळ्यापासून, किल्लारीच्या परिसरात शंभराहून जास्त लहान धक्के बसले होते. लोक बाहेर झोपू लागले होते. मग धक्के थांबले, माणसं परत घरात गेली. तेव्हाच्या सरकारी भूकंप नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे २००२ साली नकाशा बदलला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. ज्या नकाशानं ‘इथं भीती नाही’ म्हटलं, त्याच्यावर गावानं पुन्हा विश्वास कसा ठेवायचा? इथूनच ‘आपल्यापासून काहीतरी लपवलंय’ या गोष्टीला पाय फुटतात.

आता बॉम्बचं बघू. भारतानं अणुचाचण्या केल्या त्या राजस्थानात पोखरणला, मे १९७४ आणि मे १९९८मध्ये. शिवाय स्फोट वर्षभर आधीपासून गुरगुरत नाही. यंत्रावरही दोन्हींची खूण वेगळी उमटते. स्फोट जमिनीला चहूबाजूंनी बाहेर ढकलतो. भूकंपात खडकाचा एक भाग दुसऱ्यावर सरकतो, म्हणून काही ठिकाणचं यंत्र आधी ढकल दाखवतं, काही ठिकाणचं ओढ.

ज्वालामुखीची गोष्ट आम्हाला जास्त आवडते, कारण ती अर्धी खरी आहे. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हाच. पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं किल्लारीत खोल छिद्र घेतलं. सुमारे ३४० मीटरपर्यंत हा काळा दगड लागला, त्याखाली त्याहून जुना ग्रॅनाइट. जळता रस कुठं नव्हता.

धरणाचं मात्र तसं झटकता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला. धरणाच्या जलाशयाशी त्याचा संबंध होता, हे जगभरच्या शास्त्रज्ञांनी मानलं. मग किल्लारीपासून जवळच असलेल्या निम्न तेरणेवर बायांनी बोट ठेवलं, तर त्या अडाणी कशा? काही शास्त्रज्ञांनीही तोच प्रश्न मांडला. इतर अनेकांनी तो मान्य केला नाही, कारण हा जलाशय कोयनेच्या मानानं फार लहान. ही शंका रास्त आहे. पण ‘धरणवाल्यांना तारीख माहीत होती’ असं कुणी पुढं जोडलं, की शंकेचं कारस्थान होतं. भूकंपाची तारीख आणि वेळ आजही जगात कुणाला आधी सांगता येत नाही.

हे जुनं झालं म्हणून सोडूनही देता येत नाही. नांदेड शहरात जमिनीतून आवाज आणि हलके धक्के कित्येकांनी अनुभवलेत. सप्टेंबर २०२२मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत आवाज येऊ लागले आणि लोक पावसात लेकरं घेऊन बाहेर झोपले. २१ मार्च २०२४ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५चा धक्का बसला, तो नांदेडपर्यंत जाणवला. त्या दिवशी फोनवर ‘आज रात्री मोठा येणार, नासानं सांगितलंय’ असे मेसेज फिरले. आमच्या एका गटातल्या पाच जणींनी गाव सोडायचं म्हणून बचत परत मागितली. एकीनं दुभती शेळी येईल त्या भावात विकली. ती रात्र गेली, मोठा धक्का आला नाही. शेळी मात्र गेली ती गेलीच. मेसेज पाठवणाऱ्याचं काय गेलं?

भीती खरीच असते, म्हणून ‘काही होत नाही’ एवढं सांगून बाई शांत होत नाही. भिंतीला भेग आहे का, जोडदगड आहेत का, माळवदावर माती किती, हे तिच्यासोबत बघावं लागतं. किल्लारीनंतरच्या पुनर्बांधणीत हेच झालं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. घराची मजबुती कशी करायची, अनुदान कसं मिळतं, हे त्या शिकल्या आणि दारोदार सांगू लागल्या. सरकारचा कागद त्यांनी गावाच्या बोलीत आणला, गावाची तक्रार सरकारपर्यंत नेली. आपल्या भागातल्या अनेक बचत गटांची मुळं त्याच कामात आहेत.

२००१ साली कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या यातल्या काही बाया गुजरातला गेल्या. भाषा येत नव्हती. पण घर पडलेल्या बाईला काय विचारायचं, हे त्यांना माहीत होतं.