रडारची हाक मुंबईतून, वारा सातपुड्यातला

दरवर्षी एप्रिल-मे आला की मोलगी भागात एकच धास्ती असते. आमचूरसाठी कापलेल्या कैरीच्या फोडी अंगणात वाळत घातलेल्या असतात. अचानक वादळवारा सुटतो, पाऊस येतो आणि माल काळा पडतो. मग प्रश्न येतो, "एवढी रडारं बसवली म्हणतात, मग आपल्याला आधी का कळत नाही?" उत्तरासाठी थोडा इतिहास बघावा लागेल.

जवळ येणाऱ्या वस्तूच्या लहरी आखडतात, लांब जाणाऱ्या वस्तूच्या पसरतात. हे ख्रिस्तियान डॉप्लरने 1842 साली प्रागमध्ये मांडलं. अमेरिकेत 1958 साली कॅन्ससमधल्या एका चक्रवाताच्या वाऱ्याचा वेग याच तत्त्वावर रडारने मोजला. पण ते रडार सलग लहर सोडायचं. वेग कळला, तरी वारा नेमका किती अंतरावर आहे ते कळेना.

अंतर कळायला लहर तुकड्या-तुकड्याने सोडावी लागते. आपण दरीत हाक मारतो आणि प्रतिध्वनीची वाट बघतो, तसंच. पहिला प्रतिध्वनी यायच्या आत दुसरी हाक मारली, तर आवाज कोणत्या हाकेचा ते समजत नाही. रडारची लहर 300 किलोमीटर जाऊन परत यायला एक सेकंदाचा पाचशेवा भाग घेते. म्हणजे तेवढं लांब बघायचं तर सेकंदाला 500 च हाका.

आता वेगाचं बघा. मोठ्या रडारची लहर साधारण 10 सेंटिमीटर लांब असते. दोन हाकांच्या मधल्या वेळात पावसाचा थेंब अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला, की तो पुढे आला की मागे गेला हेच रडारला ओळखता येत नाही. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तसं. सेकंदाला 500 हाका असतील तर वेगाची मर्यादा फक्त ताशी 45 किलोमीटर. 1000 हाका केल्या तर मर्यादा 90 वर जाते, पण नजर 150 किलोमीटरवर येते. लांबचं बघा नाहीतर जोराचा वारा मोजा! याला डॉप्लरचा पेच म्हणतात.

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वारा ताशी 100 ते 110 किलोमीटरचा होता. 90 ची मर्यादा असलेलं रडार 110 चा वारा उलट दिशेचा 70 दाखवेल.

यावरचा तोडगा हाकांच्या वेळेत सापडला. 1976 साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या संशोधकांनी दोन वेगवेगळ्या गतीने लहरी सोडायची पद्धत मांडली. समजा, सेकंदाला 1000 आणि 750 अशा दोन गती ठेवल्या. तोच 110 चा वारा पहिलीत उलटा 70 दिसतो, दुसरीत उलटा 25. दोन्ही चुकीचे, पण दोन्हींशी जुळणारा खरा वेग एकच निघतो, 110. मर्यादा 90 वरून 270 वर जाते. याच विषयावर 1985 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रवास महापात्रा यांनी दुसान झर्निच यांच्यासोबत महत्त्वाचं काम केलं. म्हणजे या विद्येत आपल्या देशाचाही हात आहे.

देशातलं पहिलं डॉप्लर हवामान रडार 2002 साली चेन्नईत बसलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असं रडार नव्हतं. नंतर कुलाब्याला आलं आणि 2022 मध्ये वेरावलीला दुसरं.

आता आपला मुद्दा. मोलगी मुंबईपासून सरळ रेषेत 300 किलोमीटरहून लांब आहे. हाकांची वेळ कितीही हुशारीने जुळवली तरी पृथ्वी गोल आहे. रडारचा किरण अर्धा अंश वर धरून सोडला, तर 300 किलोमीटरवर तो जमिनीपासून जवळपास 8 किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्या खाली फोडी उडवणारा वारा सुटला, तर तो मुंबईच्या पडद्यावर दिसणार कसा?

म्हणून पुढाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना विचारताना "आमचा तालुका रडारच्या टप्प्यात आहे का?" एवढंच विचारू नका. टप्पा नकाशावर गोल काढून दाखवता येतो. विचारा, "आमच्या गावावरून किरण किती उंचीवरून जातो, आणि त्या अंतरावर वाऱ्याचा वेग मोजता येतो का?" डोंगराळ भागाला कमी टप्प्याचं पण जवळचं रडार लागतं. अक्कलकुवा, धडगावच्या ग्रामसभांनी हा प्रश्न लेखी विचारायला हरकत नाही. तुमच्या गावात इशारा किती आधी पोहोचतो, कॉमेंटमध्ये जरूर सांगा.