दुष्काळी कामांचे हजेरीपट : एक उपेक्षित इतिहाससाधन

औसा म्हटलें कीं इतिहासजिज्ञासूंस तेथील भुईकोट किल्ला, मलिक अंबराचें राजकारण आणि इ. स. १७६० ची उदगीरची मोहीम यांचें स्मरण होतें. याच तालुक्यांत खरोसा येथें प्राचीन लेणीं आहेत. त्यांतील मूर्तींची चिकित्सा आपण करतों. परंतु तो खडक ज्यांनीं फोडला, त्यांचें एकहि नांव आपणांस सांगतां येत नाहीं. अलीकडील एका काळाविषयीं मात्र अशा प्रश्नाचें उत्तर अद्यापि हातीं लागण्यासारखें आहे. तिकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच या लेखाचा हेतु.

तो काळ म्हणजे इ. स. १९७२-७३ चा दुष्काळ. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांत सुमारें ५० लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी फोडणें, अशीं तीं कामें होत. मराठवाडा त्या वेळीं फार होरपळला. आम्ही तेव्हां शाळकरी वयाचे होतों. कामावर वांटल्या जाणाऱ्या सुकडीची चव आम्हांस अजून आठवते. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी योजना याच दुष्काळांत विस्तार पावली. तिचा कायदा १९७७ सालीं झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला.

पागे यांचें नांव इतिहासांत राहील, आणि तें उचितच आहे. परंतु ज्यांनीं माती वाहिली त्यांचें काय? गिरनारच्या पायथ्याशीं रुद्रदामन् क्षत्रपाचा लेख आहे. शके ७२ मध्यें सुदर्शन तलावाचा बांध फुटला. तो पुनः बांधविणाऱ्या सुविशाख अमात्याचें नांव लेखांत आहे. मौर्यकालीन पुष्यगुप्त व तुषास्फ यांचींहि आहेत. प्रजेवर कर किंवा विष्टि, म्हणजे वेठ, न लादतां स्वतःच्या कोशांतून हें काम केलें, असें राजा अभिमानानें सांगतो. मात्र मजुरांपैकीं कोणाचेंहि नांव तेथें नाहीं.

दुष्काळी कामांचा हजेरीपट, ज्यास लोक मस्टर म्हणतात, ही उणीव भरून काढतो. त्यांत मजुराचें नांव, रोजची हजेरी, एकूण दिवस, मजुरी आणि शेवटीं सही किंवा आंगठा असतो. त्यावरून कोणत्या गांवचे किती लोक कोणत्या महिन्यांत कामास लागले, हें कळतें. जुन्या दप्तरांत क्वचितच आढळणाऱ्या कष्टकरी स्त्रियांचीं नांवें येथें ओळीनें सांपडतात. असें साधन रुद्रदामन्‌च्या काळचें मिळतें, तर आपण तें डोक्यावर घेऊन नाचलों असतों!

अमेरिकेंत महामंदीच्या वेळीं, इ. स. १९३३ ते १९४२ पर्यंत, सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या दलांत सुमारें ३० लक्ष तरुणांनीं झाडें लावलीं, बांध घातले, वाटा पाडल्या. महिन्याच्या ३० डॉलरांपैकीं बहुतांश रक्कम त्यांच्या घरीं जाई. आज तेथें कांहीं ठिकाणीं त्यांच्या जुन्या छावण्यांतच लहान संग्रहालयें आहेत, आणि गांवचीं माणसें वेतनावांचून तीं सांभाळतात. त्यांत राजाचें शस्त्र नाहीं. फावडें, गणवेश, घरीं धाडलेलीं पत्रें आहेत.

कोणी म्हणेल, पन्नास वर्षांचा कागद तो काय जुना? राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड छापिला, तो लोकांच्या घरीं पडून राहिलेल्या कागदांच्या बळावर. कागद वाट पाहत नाहीं. मुदत संपलेलें दप्तर कचेऱ्यांतून निकालांत निघतें. औसा तालुक्यांतील किल्लारीस ३० सप्टेंबर १९९३ रोजीं भूकंप झाला, तेव्हां घरांबरोबर घरांतील पेट्याहि मातीखालीं गेल्या. शिवाय लातूर जिल्हा १९८२ सालचा. तत्पूर्वीं औसा उस्मानाबाद (सांप्रतचें धाराशिव) जिल्ह्यांत होता, हें शोधकानें विसरूं नये.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, पोथ्यांच्या शोधांत गांवीं गेल्यावर जुना हजेरीपट, मोजमापाचें पुस्तक, मुकादमाची वही यांचीहि चौकशी करावी. तलावाचें नांव व साल टिपावें. त्या वेळीं जो वीस वर्षांचा होता तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्या तोंडची हकीकत प्रथम लिहून घ्यावी. पोथी आणखी कांहीं दिवस थांबूं शकेल.