अन्याय्य बडतर्फी

पुरेसे कारण नसताना, किंवा कारण असूनही रीतसर चौकशी न करता, कामगाराला कामावरून काढणे. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असल्याने येथील दावे ठाण्याच्या कामगार न्यायालयात चालतात.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे आणि इतर कामांचे छोटे गाळे आहेत. असल्या ठिकाणी बडतर्फीचा कागद सहसा निघत नाही. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढ्यावर भागते, आणि न्यायालयात मालक सांगतो की हा स्वतःच यायचा बंद झाला. मग गैरवर्तन झाले की नाही हे बाजूलाच राहते. नोकरी होती हेच आधी सिद्ध करावे लागते. हजेरीकार्ड, ईएसआय कार्ड, पीएफचे खाते तिथे उपयोगी पडते.

रीतसर चौकशीत आरोप नेमके मांडणारे आरोपपत्र, खुलाशाला मुदत, प्रकरणात न गुंतलेला चौकशी अधिकारी, साक्षीदारांची उलटतपासणी आणि बचावाचा पुरावा देण्याची संधी अपेक्षित असते. चौकशी अहवालाची प्रत शिक्षेपूर्वी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये ठरवले.

महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्यात सूडबुद्धीने, खोट्या कारणाने वा चौकशीत नैसर्गिक न्याय डावलून काढणे ही अनुचित प्रथा आहे. किरकोळ चुकीला धक्कादायक जबर शिक्षा देणेही त्यातच येते. तक्रारीची मुदत 90 दिवस.

‘जबर’ म्हणजे किती, हे मात्र प्रकरणागणिक ठरते. कलर-केम खटल्यात कामगार रात्रपाळीत यंत्र चालू ठेवून झोपले होते. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बडतर्फी अवाजवी ठरवली. पुण्याच्या भारत फोर्जमधील मदतनीस 26 ऑगस्ट 1983 रोजी सकाळी 11.40 ला लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. कामगार न्यायालयाने त्याला परत घ्यायला सांगितले, पण 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. गुन्हा एकच, झोपेचा. भारत फोर्जच्या कामगाराचा आधीच्या तीन गैरवर्तनांचा इतिहास मात्र त्याच्या विरोधात गेला. आरोपपत्राइतकीच सेवापुस्तिका महत्त्वाची, ती अशी.

औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. महाराष्ट्रात पूर्वी 50 कामगारांपासून असलेली स्थायी आदेशांची, म्हणजे गैरवर्तन आणि शिस्तभंगाच्या कारवाईसह नोकरीच्या लेखी नियमांची, सक्ती संहितेत 300 पासून आहे. छोटे गाळे 50 च्या अटीतही बसत नव्हते. आता मधले कारखानेही तिच्याबाहेर गेले.