राजा घाट ते पेंच : रस्त्याच्या हिशेबातील वन्यजीव

वाराणसीच्या राजा घाटावर उभे राहिले की महाराष्ट्राबाहेर आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या मराठी माणसाला घरी आल्याचा भास होतो. १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून अमृतराव पेशव्यांनी सालिना सात लाख रुपयांची नेमणूक स्वीकारली आणि पुण्याचे राजकारण सोडून ते काशीस आले. हा घाट त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे.

नागपूरकडील यात्रेकरू शिवनी, जबलपूर, मिर्झापूर या वाटेने काशीला येत. त्या वाटेवर ठगांचे भय होते तसेच वाघाचेही. पुढे जबलपूरला नेमलेल्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांचा बंदोबस्त केला. स्वातंत्र्यानंतर ही वाट राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ मध्ये समाविष्ट झाली. हा महामार्ग वाराणसीहून निघून थेट कन्याकुमारीस पोहोचत असे. २०१० च्या फेररचनेत त्याच्या शिवनी–नागपूर भागास ४४ हा क्रमांक मिळाला.

या भागात पेंचचे जंगल आहे. आता भय वाटसरूला नाही, वाघाला आहे. चौपदरीकरणाचा प्रस्ताव आला तेव्हा महामार्ग आणि वन या दोन यंत्रणांतील वाद न्यायालयापर्यंत गेला व काम अनेक वर्षे रखडले. दोन्ही बाजू आपापल्या कर्तव्याला धरूनच होत्या, हे येथे नमूद केले पाहिजे.

असे प्रश्न सोडविण्याचे प्रशासनापुढे दोन मार्ग असतात. पहिला वेळ वाटून घेण्याचा. कर्नाटकातील बंदीपूरमध्ये २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद ठेवण्यात आली. दुसरा जागा वाटून घेण्याचा, आणि पेंचमध्ये तोच स्वीकारला गेला. महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता ठिकठिकाणी उंच उचलून त्याखाली वन्यप्राण्यांसाठी ९ मार्ग ठेवण्यात आले. त्यांची रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे प्राणी खालून जाताना टिपले गेले. ११ वाघ एकूण ८९ वेळा गेल्याची नोंद झाली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यातील हिशेब महत्त्वाचा वाटतो. रस्त्याच्या अंदाजपत्रकात माती, खडी, डांबर यांचा खर्च असतो. वन्यप्राण्याने सोसलेली किंमत नसते, कारण तो कोणत्याच कागदावर पक्षकार नसतो. अपघातात मेलेल्या प्राण्याचा निदान पंचनामा होतो. रहदारीला घाबरून रस्त्याच्या कडेवरून परत फिरलेल्या प्राण्याची नोंद कोठेच होत नाही. मात्र जंगलाचे दोन तुकडे होतात ते यामुळेच. म्हणून असे मार्ग आराखड्याच्या पहिल्या पानावर हवेत. रस्ता झाल्यावर ते बसविणे महाग पडते, आणि तोवर प्राण्यांची जुनी वाट मोडलेली असते.

काशीचे घाट बांधणाऱ्यांना पावसाळ्यात गंगा किती चढते हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी पायऱ्या उंचापर्यंत नेल्या आणि नदीची वाट नदीला ठेवली. आमच्या नस्तीत एवढे शहाणपण उतरले तरी पुष्कळ झाले.