लाइफ जॅकेटची सक्ती (हौशी नौकानयन)

लाइफ जॅकेटची सक्ती म्हणजे हौसेखातर किंवा करमणुकीसाठी नौका वापरणाऱ्या व्यक्तींनी पाण्यावर असताना लाइफ जॅकेट अंगावर घातलेच पाहिजे, असे बंधन घालणारा कायदा अथवा नियम होय. नौकेत लाइफ जॅकेट बाळगणे अनेक देशांत बंधनकारक आहे. ते घालण्याविषयीचे नियम मात्र देशोदेशी भिन्न आहेत. स्वतःच्या जिवाला असलेला धोका प्रौढ व्यक्तीने स्वतः तोलावा की तो अधिकार राज्यसंस्थेकडे असावा, हा या विषयातील मुख्य वाद आहे.

पार्श्वभूमी

टायटॅनिक दुर्घटनेनंतर १९१४ साली सागरी जीवनसुरक्षेचा सोलास हा आंतरराष्ट्रीय करार झाला. व्यापारी वापरात नसलेल्या विहारनौकांना या कराराच्या बहुतेक तरतुदी लागू होत नाहीत. त्यामुळे हौशी नौकानयनाचे नियमन प्रत्येक देशाने आपापल्या परीने केले.

लाइफ जॅकेटची उत्प्लावकता न्यूटन या एककात मोजतात. ५० न्यूटनचे साधन पोहता येणाऱ्यांसाठी व मदत जवळ असलेल्या ठिकाणी वापरण्यासाठी असते. १५० न्यूटनचे जॅकेट बेशुद्ध व्यक्तीलाही उताणे करून तिचे तोंड पाण्याबाहेर ठेवू शकेल, अशा बेताने बनवलेले असते. थंड पाण्यात अचानक पडल्यास श्वासावरील ताबा सुटतो आणि काही मिनिटांतच हातपाय निकामी होऊ लागतात. अशा अवस्थेत पाण्यात असताना जॅकेट चढवणे अतिशय कठीण असते. ‘नौकेत असणे’ आणि ‘अंगावर असणे’ यांतील फरक त्यामुळे निर्णायक ठरतो.

विविध देशांतील नियम

अमेरिका: १९४० च्या मोटरबोट कायद्याने आणि पुढे १९७१ च्या संघीय नौका सुरक्षा कायद्याने सुरक्षासाधनांचे नियमन केले. नौकेतील प्रत्येक व्यक्तीसाठी एक जॅकेट असणे आवश्यक आहे. ज्या राज्याचा स्वतःचा नियम नाही, तेथे १३ वर्षांखालील मुलांनी चालत्या नौकेत ते घालणे संघीय नियमाने सक्तीचे आहे. बंदिस्त केबिनमध्ये किंवा डेकखाली असणाऱ्या मुलांना त्यातून सूट आहे. प्रौढांसाठी सरसकट संघीय सक्ती नाही.

ऑस्ट्रेलिया: व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २००५ पासून सक्ती लागू केली. ४.८ मीटरपर्यंतच्या यांत्रिक नौकांच्या उघड्या भागात प्रवासादरम्यान जॅकेट घालावे लागते. मोठ्या नौकांवर ही सक्ती केवळ वाढीव धोक्याच्या वेळी, उदाहरणार्थ रात्री किंवा एकट्याने जाताना, लागू होते.

आयर्लंड: २००५ च्या नियमांनुसार ७ मीटरपेक्षा लहान उघड्या नौकांवर सर्वांनी, तर १६ वर्षांखालील व्यक्तींनी उघड्या डेकवर कोणत्याही विहारनौकेत जॅकेट घालणे आवश्यक आहे.

ब्रिटन: लहान खाजगी विहारनौकांवर जॅकेट घालण्याची सर्वसाधारण कायदेशीर सक्ती नाही. आरएनएलआय ही जीवरक्षक संस्था आणि रॉयल यॉटिंग असोसिएशन प्रशिक्षण व जनजागृतीवर भर देतात.

वाद

सक्तीचे विरोधक जॉन स्टुअर्ट मिल यांच्या ‘ऑन लिबर्टी’ (१८५९) या ग्रंथातील तत्त्वाचा आधार घेतात: इतरांना इजा टाळण्यासाठीच प्रौढ व्यक्तीवर बळाचा वापर समर्थनीय ठरतो. शांत तळे आणि खवळलेला समुद्र यांना एकच नियम लावणे अव्यवहार्य आहे, असेही ते म्हणतात. उलटलेल्या नौकेखाली अडकलेल्या व्यक्तीला फुगलेले जॅकेट बाहेर पडण्यास अडथळा ठरू शकते, हा त्यांचा आणखी एक आक्षेप असतो.

बुडणाऱ्याचा धोका त्याच्यापुरता राहत नाही, असे समर्थकांचे उत्तर असते. त्याला वाचवण्यासाठी इतरांना पाण्यात उतरावे लागते आणि शोधमोहिमेचा खर्च समाज उचलतो. शिवाय मिल यांनीच धोकादायक पुलाचे उदाहरण दिले आहे: पुलाची अवस्था ठाऊक नसलेल्या माणसाला, सावध करण्यास वेळ नसेल, तर धरून थांबवणे हा त्याच्या स्वातंत्र्याचा भंग नव्हे. थंड पाण्याचा परिणाम ठाऊक नसलेला नौकाविहारी याच स्थितीत असतो, असा युक्तिवाद केला जातो. लहान मुलांवरील सक्तीबाबत फारसा मतभेद नाही.

परिणाम

अमेरिकी तटरक्षक दलाच्या आकडेवारीनुसार २०२३ साली हौशी नौकानयनात ५६४ मृत्यू झाले. मृत्यूचे कारण ज्ञात असलेल्यांपैकी ७५ टक्के व्यक्ती बुडून मरण पावल्या आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्के व्यक्तींच्या अंगावर जॅकेट नव्हते. व्हिक्टोरियात सक्तीपूर्वीच्या सहा वर्षांत हौशी नौकानयनात ५९ जण बुडाले होते. सक्तीनंतरच्या पाच वर्षांत ही संख्या १६ वर आली. मात्र नियमासोबत प्रचार व तपासणीही झाल्याने या घटीतील केवळ सक्तीचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे.

भारतातील स्थिती

भारतात बहुतेक पर्यटक स्वतःची नौका चालवत नाहीत, तर भाडे देऊन प्रवासी म्हणून बसतात. त्यामुळे येथे प्रश्न वैयक्तिक निवडीपेक्षा नौकाचालकाच्या जबाबदारीचा ठरतो. जॅकेट दिलेच गेले नाही, तर ते नाकारण्याचे स्वातंत्र्यही उरत नाही. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ ने १९१७ च्या कायद्याची जागा घेतली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली नौका सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. तरीही केरळमधील तानूर (७ मे २०२३, २२ मृत्यू) आणि वडोदऱ्यातील हरणी तलाव (१८ जानेवारी २०२४, १४ मृत्यू) येथे क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी नेणाऱ्या नौका उलटल्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर गेटवे ऑफ इंडिया येथून सुटणाऱ्या बोटींतील प्रवाशांना लाइफ जॅकेट घालणे बंधनकारक करण्यात आले.