वंशावळ लिहिणारी सोफी ब्राहे

दुर्बीण येण्यापूर्वी नुसत्या डोळ्यांनी ग्रहताऱ्यांचे काटेकोर वेध घेणारा टायको ब्राहे अनेकांना ठाऊक असतो. त्याची धाकटी बहीण सोफी मात्र ग्रंथांतून ‘टायकोची बहीण’ एवढ्याच ओळखीने भेटते. तिच्या आयुष्याचा माग काढताना मला तिची खरी ओळख सापडली ती आकाशात नव्हे, वंशावळीत.

ओटे ब्राहे आणि बेआटे बिले यांची ही मुलगी. दोन्ही घराणी डेन्मार्कच्या सरदारवर्गात मातब्बर. ८ डिसेंबर १५७३ च्या चंद्रग्रहणाचे वेध घेताना किशोरवयीन सोफी भावाच्या मदतीला होती. रसायनविद्या त्याने तिला शिकवली. फलज्योतिषापासून मात्र परावृत्त करू पाहिले. तिने ऐकले नाही. लॅटिन ग्रंथ पदरचे पैसे खर्चून डॅनिशमध्ये उतरवून घेतले आणि अभ्यास चालू ठेवला.

१५७६ मध्ये तिचा विवाह ओटे थॉट याच्याशी झाला. १५८८ मध्ये तो वारला. मुलगा टागे लहान होता. एरिक्सहोल्मच्या जहागिरीचा कारभार सोफीने हाती घेतला आणि तिथली बाग नावारूपाला आणली. याच काळात व्हेन बेटावरील टायकोच्या वेधशाळेत तिची एरिक लांगेशी गाठ पडली. हा सरदार सोने बनवण्याच्या नादात कफल्लक झाला होता. १५९० मध्ये वाङ्‌निश्चय झाला. पण सावकारांच्या तगाद्यामुळे लांगे परदेशी पळाला आणि लग्न लागायला १६०२ साल उजाडले.

त्या वर्षी एकर्नफर्डेहून तिने बहीण मार्ग्रेटेला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. लग्नात आपले मोजे फाटके होते, नवऱ्याचे लग्नातले कपडे पुन्हा गहाण टाकावे लागले, असे ती सांगते. आपल्या हक्काचा पैसा घरच्यांनी दिला नाही आणि आपल्या विद्याव्यासंगाची कदर केली नाही, हा रागही त्यात आहे.

लांगे १६१३ मध्ये प्रागला वारला. सोफी पुढे हेल्सिंगॉरला स्थायिक झाली आणि १६४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिली. वनस्पती व औषधांच्या अभ्यासाबरोबर तिने तिथे एक मोठे काम उभे केले: डेन्मार्कच्या सुमारे ६० सरदार घराण्यांची वंशावळ, जवळजवळ ९०० पानांची.

मला इथे थांबावेसे वाटते. वंशावळ म्हणजे केवळ कुळाची प्रौढी नव्हे. कोण कोणाची मुलगी, कोणती जमीन कोणत्या नात्याने कोणाकडे गेली, सरदारकीवर दावा कोणाचा, याचा तो पुरावा असे. नात्यांचा आणि पैशाचा संबंध सोफीने स्वतः सोसला होता. ज्या वर्गाने तिची आबाळ केली, त्याच वर्गाच्या नात्यांची नोंद तिने वर्षानुवर्षे चिकाटीने केली.

हे हस्तलिखित आज लुंड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. डॅनिश सरदारांच्या कुळांचा शोध घेणाऱ्याला ते मोलाचे साधन वाटते. तेव्हा ‘टायकोची बहीण’ ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. टायकोच्या वर्गाची कुळकथा आपल्याला तिच्या हस्ताक्षरातही वाचता येते.