फेरी, ट्रॉली, टॅक्सी : शब्दाच्या अखेरीस येणारा 'वाय'

केरीहून तेरेखोलला नेणारी फेरी, मोपा विमानतळावरची सामानाची ट्रॉली आणि त्याच विमानतळाकडे धावणारी टॅक्सी, हे तिन्ही शब्द कोरगावच्या मुलांना घरचेच आहेत. मराठीत तिन्ही स्त्रीलिंगी व दीर्घ ईकारान्त. नदीच्या नद्या होतात तशा फेऱ्या, ट्रॉल्या, टॅक्स्या. इंग्रजीत मात्र तिघींची अखेर तीन तऱ्हांनी लिहिली जाते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी कानावर विसंबतो आणि दहावीच्या पेपरात, पुढे नोकरीच्या अर्जातही, नेमका येथेच चुकतो.

पाहावयाचे ते 'वाय'च्या आधीचे अक्षर. ते व्यंजन असेल तर अनेकवचनात 'वाय' जाऊन 'आय-ई-एस' येते. फेरीत 'वाय'आधी 'आर' आहे, म्हणून ती या गटातली. कंपनी, सिटी, डायरी, फॅक्टरी याच वाटेने जातात. आधी स्वर असेल तर 'वाय' हलत नाही, पुढे केवळ 'एस' लागतो. ट्रॉलीची अखेर 'ई-वाय' अशी असल्याने ती बॉय, डे, मंकी यांच्या पंक्तीत बसते. टॅक्सीत तर 'वाय' नाहीच! 'टॅक्सीमीटर'चे ते संक्षिप्त रूप. अखेरीस 'आय', त्यापुढे साधा 'एस'. विशेषनामालाही हात लावायचा नाही : वर्गात दोन मेरी असल्या तरी 'वाय' कायम राहतो.

क्रियापदांत हाच न्याय. स्टडी, कॅरी यांच्या भूतकाळी रूपात 'वाय'चा 'आय' होतो. पण 'आय-एन-जी' लावताना 'वाय' राहतो, कारण दोन 'आय' शेजारी बसवणे इंग्रजीला रुचत नाही. से, पे, ले यांची भूतकाळी रूपे नियम मोडतात : आधी स्वर असूनही त्यांत 'आय' येतो. 'डे'पासून झालेला 'डेली' हा शब्दही तसाच. म्हणजे आम्हा दैनिकवाल्यांचे इंग्रजी नावच अपवादात्मक. जुन्या इंग्रजी हस्तलिखितांत 'आय' आणि 'वाय' एकमेकांच्या जागी सर्रास येत. शब्दाच्या पोटात 'आय' आणि अखेरीस 'वाय' ही वाटणी छपाईच्या काळात हळूहळू स्थिरावली.

मराठीत लिहिताना यातले काहीच आठवावे लागत नाही. १९६२ च्या लेखननियमांनुसार, 'आणि', 'नि' असे मोजके अपवाद सोडता, शब्दाच्या अखेरचा इकार दीर्घ असतो. तेव्हा फलकांवर दिसणारे 'बेकरि' चूक, 'बेकरी' बरोबर. बातम्यांत 'कंपनीज', 'पार्टीज' येते, तेही आम्ही खोडतो. कंपन्या, पार्ट्या ही रूपे असताना इंग्रजी 'एस' उसना कशाला घ्यावा?

फेरीचे प्रकरण थोडे निराळे. 'फेरीच्या फेऱ्या वाढवा' या मथळ्यात पहिली फेरी इंग्रजीतून आलेली होडी आहे. दुसरी आपल्या 'फिरणे'तून आलेली खेप. दोघींचे नाते काही नाही. वाचक अडखळू नये म्हणून पहिलीला आम्ही 'फेरीबोट' लिहितो.